बिनक्लचची गाडी आणि खसाची ताटी

जानराव टॅक्सीवाल्यांनी पंपावर पेट्रोल कधी सरळ टाकीत घेतलं नाही. आधी थोडं तळहातावर घेत, हुंगत, फुंकर घालून ते किती लवकर उडतं ते पाहत, आणि मग सुभद्राबाईंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा स्वतःच्या नरसाळ्यावर बांधून त्यातून गाळून घेत. पंपावरचा माणूस त्यांच्याच वलगावचा, लांबून भाचा लागणारा.

"मामा, माह्यावर बी शक?" तो विचारी.

"तुह्यावर नाई बाप्पा," जानराव म्हणत. "तुह्या खानदानाले मी वळखतो, म्हणून."

अमरावतीच्या स्टेशनासमोर त्यांची टॅक्सी लागे. माणूस उंच, हडकुळा. मान जरा पुढे काढून चालायची सवय, त्यामुळे समोरच्याच्या खिशात डोकावून पाहतायत असं वाटे. डॉक्टरांनी थर्मामीटर लावला तर तो आधी झटकला होता का, हे ते विचारून घेत. आणि ताप नाही म्हटलं की दुसरा थर्मामीटर मागत. देवळात फोडायचा नारळ कानाशी हलवून पाहत आणि मग एकदा देवाकडेही पाहत. पण एखादी अडलेली बाई दवाखान्यात न्यायची असली, तर हाच माणूस भाडं न ठरवता, पायात वहाण न घालता निघे. वाटभर तिच्या नवऱ्याकडे मात्र संशयानं पाही.

आमच्या गल्लीत त्यांचं घर. मी कचेरीतून आलो की ओट्यावरून हाक येई, "काय साहेब, आज लवकर सुटले?" त्यात चौकशी कमी आणि तपास जास्त असे.

आधी ते अकोल्याच्या एका जिनवाल्या शेटजींकडे ड्रायव्हर होते. शेटजींनी नवी गाडी घेतली आणि जुनी जानरावांना पडत्या भावात देऊन टाकली. दुसरा कोणी असता तर त्यानं पेढे वाटले असते. जानराव आठ-पंधरा दिवस झोपले नाहीत. "शेटजीनं आयुष्यात कोणाले कापसाचं बोंड फुकट देल्लं नाई. मले गाडी काहून देऊन राहिले?"

गाडी होती मात्र देखणी. अमेरिकन, आकाशी रंगाची, पंगतीसारखी लांब. तिच्यात एकच गोष्ट वऱ्हाडात कुणी पाहिलेली नव्हती. तिला क्लच नव्हता. दांडी एकदा ओढून ठेवली की पुढचे गेर ती आपलेआप, मनाला येईल तेव्हा बदलायची. शेटजींना याचंच कौतुक होतं. जानरावांना याचीच धास्ती होती.

"जे गाडी आपल्याले न विचारता गेर बदलते," ते म्हणत, "ते उद्या न विचारता कुठंबी जाईन."

डाव्या पायाला काही काम नाही, हे तर त्यांना सहनच होईना. रिकामा पाय काही ना काही भानगड करतो, अशी त्यांची समजूत. म्हणून त्यांनी क्लचच्या जागी एक लाकडी ठोकळा ठोकून घेतला होता आणि अधूनमधून तो दाबत. गाडीला त्यानं काही होत नसे. जानरावांना बरं वाटे.

हिवाळाभर गाडी सोन्यासारखी चालली. होळी झाली, ऊन तापलं, आणि एके दिवशी बडनेऱ्याच्या पुढं इंजिन गर्जायला लागलं आणि चाकं मात्र उभीच राहिली. एक्सलेटर दाबावा तितका आवाज वाढे, पण गाडी जागची हलेना. तासभर निवली की पुन्हा शहाण्यासारखी चालू. पुढं हे नेमानंच व्हायला लागलं. ऊन चढलं, मैल वाढले, की गाडी बसलीच. नेमके लग्नसराईचे दिवस, वर्षाची कमाई होते ते. स्टेशनवरचे बाकीचे टॅक्सीवाले म्हणायला लागले, "जानरावच्या गाडीले उन्हाळी लागली. तिले सब्जा पाजा."

जानरावांनी एकेकावर संशय घेतला. पंपावरच्या भाच्यावर घेतला. सब्जा सांगणाऱ्यांवर घेतला. शेटजींवर तर तो होताच. गाडी घरासमोर उभी असली की सुभद्राबाईंना खिडकीत बसवून ठेवत आणि आल्या आल्या विचारत, "कोणी आलतं गाडीपाशी?"

"कुत्रं आलतं."

"कोणाचं?"

सुभद्राबाई हसत नसत. नवऱ्याशी संसार करून त्या हसण्याच्या पलीकडे गेल्या होत्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. स्टेशनजवळच्या लॉजचे मालक चिंतामणराव गाडी विकत मागत होते. गाडी त्यांची करायची, तिच्यावर जानरावांनीच पगारी ड्रायव्हर राहायचं. "महिन्याच्या महिन्याले पगार. बिघडली तं त्याहीचं डोकं," सुभद्राबाई म्हणत.

जानरावांना हे झोंबे. आयुष्यभर दुसऱ्याच्या गाडीचं दार उघडून उभा राहिलेला माणूस; आता कुठं स्वतःच्या गाडीचं दार स्वतःसाठी उघडत होता. शेवटी एका जेवणावर ठरलं. आमच्या कचेरीतल्या श्रावणचं लग्न वैशाखात होतं. नवरदेवाची गाडी म्हणून त्यानं जानरावांनाच सांगितलं होतं. अमरावती ते अकोला, तिथून पातूर, आणि पातूरचा घाट चढून पलीकडे नवरीचं गाव, मेडशी. भर उन्हाळा, भरली गाडी आणि वर घाट. "या लग्नाले थांबली," जानरावांनी ताटावर हात धरून सांगितलं, "तं देऊन टाकतो चिंतामणरावाले." सुभद्राबाईंनी त्यांच्या ताटात भाकरी वाढली आणि घरोघर जाऊन हे चार बायकांना सांगून ठेवलं. साक्षीदार असलेले बरे, इतकं त्याही नवऱ्याकडून शिकल्या होत्या.

लग्नाला थोडे दिवस उरले तेव्हा जानराव अकोल्याला देवमन मिस्तरीकडे गेले. मोर्णा नदीच्या पुलाजवळ देवमनचं टिनाचं शेड. लढाईच्या काळात त्यानं मिलिटरीच्या गाड्या दुरुस्त केल्या होत्या. तिथं अशा बिनक्लचच्या एक-दोन पाहिलेल्या. हा कमी बोलायचा, पण बोलला की टोचून.

त्यानं गाडी तापेपर्यंत फिरवून आणायला लावली, गेरपेटीतलं तेल काडीवर घेऊन पाहिलं. मूळचं लाल तेल गुळाच्या काकवीसारखं झालं होतं आणि वासही जळक्या गुळाचाच येत होता.

"जानरावभाऊ, इच्यात गेर फिरवते ते तेल," तो म्हणाला. "तेल तापलं का पातळ होते, मंग त्याच्यात जोर राह्यत नाई. थंड व्हाले ते या नळीनं रेडिएटरच्या बुडाशी जाते. पण आपल्या उन्हात रेडिएटरचंच पाणी उकळून राह्यलं. ज्याच्या घराले आग लागली, त्याच्याकडं शेजारी थंड व्हाले जाऊन काय करीन?"

"मंग शेटजीची काहून चाले?"

"शेटजी उन्हाळ्यात काश्मीरले जाये. गाडी घरी राहे."

हे जानरावांना आठवलं, आणि शेटजींवरचा एक संशय नाइलाजानं कमी करावा लागला.

देवमनचा उपाय असा. तेलाला स्वतःची वेगळी जाळी द्यायची. रेडिएटरच्या पुढं, तोंडाशी, जिथं वारा सगळ्यात आधी लागतो तिथं. तेल रेडिएटरमधून निघालं की गेरपेटीत परत जाण्याआधी या जाळीतून फिरून जाईल. त्यानं शेडच्या कोपऱ्यातून शाळेच्या पाटीएवढी एक जाळी काढली. मिलिटरीच्या डिस्पोजलच्या, मोडीत काढलेल्या मालातली.

जानरावांनी ती उन्हाकडे धरून पाहिली. "लढाईतली म्हणतं. म्हणजे गोळी लागली असंन."

"गोळी लागली असती तं तिकडंच राह्यली असती."

जाळी बसेपर्यंत जानराव स्टूल टाकून शेजारी बसले. जेवणाचा डबाही तिथंच सोडला. पाना डावीकडे का ठेवला, नळी तांब्याचीच का, तिला पितळेचंच तोंड का. देवमन गाडीखाली पडल्या पडल्या उत्तरं देत होता. शेवटी म्हणाला, "भाऊ, असं करा. तुमी खाली निजा, मी वर बसून शक घेतो. दोघंबी थकलो, जरा पालट होईन."

काम झालं. तेल नवं भरलं. देवमन म्हणाला, "चावी द्या. पातूरच्या घाटात एक चक्कर मारून पाह्यतो. घाट चढली म्हणजे चढली."

"कोण कोण जाईन?"

"मी एकटाच."

"एकटाच काहून?"

देवमननं हात पुसले आणि विषय सोडला. जाळी बसली, पण ती घाटात कामाला येते की नाही हे कुणालाच कळलं नाही. देवमनलाही नाही. जानराव अमरावतीला आले ते हाच विचार करत, की हा माणूस माझी गाडी घेऊन एकटा पातूरला कशाला जात होता.

लग्नाच्या दिवशी पहाटे गाडीत आम्ही असे होतो. पुढं मी, मागं नवरदेव श्रावण, त्याची आई मनकर्णाबाई आणि मामा मोतीराम. बाकीची मंडळी आदल्या दिवशीच बसनं गेलेली. मोतीराममामा मोठे उत्साही, कुठल्याही कामात हात घालायला तयार असणारे; ज्या कामात त्यांनी हात घातला नाही ते नीट पार पडे. निघताना मी पाहिलं, जानराव डिकीत पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी जपून ठेवत होते. पोत्यातून पाणी ठिबकत होतं. विचारलं, तर म्हणाले, "असू द्या. विश्वासाचा माणूस म्हणून सांगत नाई."

अकोल्याला देवमन गाडीत बसला. जानरावांनीच बसवला. "तू चाल संगं. थांबली तं तुलेच लोटाले लावतो." देवमनला काही वाटलं नाही. लग्न आपल्या लोकांचं, नव्या बौद्ध पद्धतीचं, पाहायचंच होतं. तो माझ्याशेजारी बसला आणि ठोकळा दाबणाऱ्या जानरावांच्या डाव्या पायाकडे पातूरपर्यंत पाहत राहिला.

हे लग्न बिनमुहूर्ताचं होतं, पण वेळ मात्र मुहूर्ताहून कडक. पंचशील देऊन लग्न लावणारी माणसं त्या भागात तेव्हा थोडीच. वाशीमकडचे एक गुरुजी येणार होते आणि मेडशीचं उरकून त्यांना लगेच मालेगावचं लग्न गाठायचं होतं. मुहूर्त टळला तर दुसरा काढता येतो. गुरुजी एकदा गेले की गेले.

पातूरला गाडी थांबली. तोवर ती नीट आली होती. देवमननं जाळीच्या नळीला बोट लावून पाहिलं, मान हलवली आणि तोंड धुवायला विहिरीकडे गेला. तेवढ्यात जानरावांनी डिकी उघडली आणि पोतं सोडलं. आत खसाची ताटी होती. घरच्या खिडकीची, गाडीच्या तोंडाच्या मापानं कापलेली. पाण्यानं निथळत असलेली.

आता हे बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटेल. पण अमरावती-अकोल्यात मे महिन्यात माणूस जगतो तो खसाच्या ताटीमागेच. बाहेर अंगाची लाही होत असते आणि आत खिडकीला ओली ताटी लावली की तीच झळ गार होऊन, वाळ्याचा वास घेऊन येते. जन्मल्यापासून हेच पाहिलेलं. जी ताटी अख्खं घर थंड करते, ती पाटीएवढी जाळी करणार नाही का? जानरावांचा देवमनच्या जाळीवर विश्वास नव्हता. ताटीवर होता. बहुधा आयुष्यात एका ताटीवरच होता.

"देवमनले कायले सांगा," ते मोतीराममामांना म्हणाले. "त्याले वाटीन, आपण त्याच्यावर शक घेऊन राह्यलो."

मामांना हे फारच पटलं. दोघांनी मिळून ताटी गाडीच्या तोंडाच्या पट्ट्यांमागे, जाळीच्या अगदी पुढे, सुतळीनं घट्ट बांधली. मामांनी वरून घागरभर पाणी ओतलं. देवमन परत आला तेव्हा दोघं आभाळाकडे पाहत उभे होते.

घाट लागला. पुण्याचा माणूस त्याला नुसती चढण म्हणेल. पण त्या उन्हात डांबर पातळ झालेलं, झाडांना पानं नाहीत, आणि वारा असा की कुणीतरी भट्टीचं दार उघडून समोर उभं आहे. पहिली वळणं गाडी झपाट्यानं चढली. जानरावांनी माझ्याकडे पाहून डोळा बारीक केला. त्यांच्या चेहऱ्यावर मी समाधान पाहिलं ते तेवढंच. माथा अगदी दिसायला लागला आणि इंजिन ओरडायला लागलं. गाडी थबकली. मग सावकाश, लाजल्यासारखी, मागं सरकायला लागली.

जानरावांनी ब्रेक दाबला. मोतीराममामांनी उडी मारून चाकाखाली धोंडा लावला. मनकर्णाबाई पदर सावरून खाली उतरल्या आणि श्रावणला सावलीत उभं करावं म्हणून सावली शोधू लागल्या. सावली गाडीचीच होती.

जानराव उतरले आणि देवमनसमोर उभे राहिले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"मले आंदीच शंका होती," ते म्हणाले. "भंगार लावलं तुनं. चिंतामणरावाचा माणूस आहेस तू. सांग, किती दिवसांपासून वळखतं त्याले?"

"कोण चिंतामणराव?"

"पाह्यलं? नावबी विसरला."

देवमनचं लक्ष दुसरीकडेच होतं. तो हवा हुंगत होता. जळक्या तेलाच्या वासात एक दुसराच गोड वास येत होता. "अत्तर कोणं लावलं?" त्यानं विचारलं.

सगळ्यांनी नवरदेवाकडे पाहिलं. देवमननं श्रावणच्या सदऱ्याचा वास घेतला. मान हलवली. मामांचा घेतला आणि घाईनं बाजूला झाला. मग नाकाच्या मागं मागं चालत गाडीच्या तोंडाशी गेला, वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. पट्ट्यांमागे हात घालून त्यानं ताटी ओढली. ती पापडासारखी कडक झाली होती आणि वाटेतली धूळ बसून अंगणातल्या सारवणासारखी दिसत होती. तिच्यातून वाराच काय, मुंगी गेली नसती.

"हे कोणं लावलं?"

तेव्हा जानरावांनी काय करावं? त्यांनी हळूच वळून मोतीराममामांकडे पाहिलं. तीच ती नजर. भाच्याकडे, डॉक्टरांकडे, देवाकडे पाहायची.

"माह्याकडं काय पाहून राह्यले?" मामा म्हणाले. "मी तं पाणी टाकलं फक्त."

देवमन ताटी हातात धरून बंपरवर टेकला. मग म्हणाला, "जानरावभाऊ, घरच्या ताटीवर घडीघडी पाणी टाकते ना कोणी? इथं ते दोन वळणांत वाळली. वाळली का नुसती भिंत झाली. जाळीले वारा पायजे होता, तुमी तिले बुरखा घातला."

"मंग पाणी टाकत राहू ना," मोतीराममामा म्हणाले. "मी बसतो मडगार्डवर घागर घेऊन. काय बिघडते?"

"मामा," श्रावण म्हणाला, "तुमी मागं बसा."

तेल निवेपर्यंत थांबणं भाग होतं. पलीकडच्या गावातला ढोल वाऱ्यावर ऐकू येत होता आणि मनकर्णाबाई एकसारख्या रस्त्याच्या माथ्याकडे पाहत होत्या. गुरुजींची वेळ टळत होती. जानराव एका धोंड्यावर, उन्हातच, एकटे बसले होते. मी जवळ गेलो तर म्हणाले, "त्याची जाळी बी खराब असन तं? ताटी काढली अन् तरीबी नाई चढली तं?" मग थोड्या वेळानं, स्वतःशीच, "चक्कर मारू देली असती तं आज माहीत असतं."

देवमनलाही तेच वाटत असावं. त्यानं नळ्या चाचपल्या, तेलाची काडी पाहिली, पुन्हा पाहिली. आपल्याच कामाकडे तो त्या वेळी अगदी जानरावांसारखा पाहत होता.

"चालवा," शेवटी म्हणाला. "पण हळू. ठोकळा दाबू नका, त्यानं मले भेव वाटते."

आम्ही मनकर्णाबाईंना तेवढं गाडीत बसवलं आणि बाकीचे मागं चालत निघालो, भार कमी म्हणून. गाडी निघाली. इंजिन गुरगुरलं, पण ओरडलं नाही. वळणावर ती दिसेनाशी झाली तेव्हा देवमन थांबला आणि कान लावून ऐकायला लागला. आवाज लांब जात होता, थांबत नव्हता. आम्ही माथ्यावर पोचलो तर गाडी उभी, आणि जानराव बॉनेट उघडून, त्या पाटीएवढ्या जाळीवर तळहात ठेवून उभे. तळहात भाजत असावा, कारण ते तो सारखा बदलत होते.

"गरम आहे," ते देवमनला म्हणाले.

"असणारच. तेलाची आग तिनं घेतली."

जानरावांनी मान हलवली. पटलं की नाही हे कळलं नाही, पण बॉनेट फार अलगद लावलं.

मेडशीत मांडवाच्या तोंडाशीच मुलीचे वडील उभे होते. पागोटं हातात, चेहरा घट्ट. नवरदेव उशिरा आला की आपल्याकडे त्याचा एकच अर्थ लावतात. वाटेत कुठंतरी रुसून बसला, काहीतरी मागायचं राहिलंय. नव्या पद्धतीत देणंघेणं नाही असं ठरलं होतं खरं, पण ठरलेल्या गोष्टींवर मुलीच्या बापाचा विश्वास कसा बसावा?

"काय कमी पडलं आमचं?" त्यांनी श्रावणला विचारलं. "मोकळं सांगा. चार लोकांत सांगा."

श्रावण गडबडला. खरं सांगावं तर जानरावांची गाडी जाते. लग्नसराईतल्या भरल्या मांडवात 'घाटात बसली' एवढं कुणी बोललं की त्या गाडीला पुढं कोण विचारणार? न सांगावं तर मुलीकडचे अढी धरणार. तो नुसता उभा राहिला, आणि उभं राहिल्यानं जास्तच अपराधी दिसायला लागला. गुरुजी मांडवात पिशवी काखेत मारून उठले होते.

जानराव पुढं झाले. मान आज पुढं काढलेली नव्हती.

"त्याचं काई नाई," ते म्हणाले. "गाडी घाटात थांबली. गाडीचाबी दोष नाई अन् मिस्तरीचाबी नाई. मी तिच्या तोंडाले खसाची ताटी बांधली होती, कोणाले न सांगता. ते वाळली, वारा बंद झाला, गाडी बसली. माह्यानं झालं."

मी म्हटलं, आता हसतील. कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "मंग ताटी लावली त्याच्यात काय चुकलं? उन्हाळ्यात ताटी नाई लावाव तं काय लावाव?"

"वाळू देली हे चुकलं," दुसरा म्हणाला.

"पाणी टाकाले माणूस पायजे होता."

"मी तयार होतो," मोतीराममामा म्हणाले. "बसू नाई देल्लं."

आणि मग मांडवात या विषयावर जी चर्चा पेटली ती गुरुजींनी माइक घेईपर्यंत चालली. एका गटाचं म्हणणं, ताटी पातळ विणायला हवी होती. दुसऱ्याचं, वाळ्याऐवजी गव्हाचं काड. मुलीचे वडीलही त्यात सापडले आणि पागोटं डोक्यावर कधी गेलं त्यांनाच कळलं नाही. देवमन कोपऱ्यात डोक्याला हात लावून बसला होता. गुरुजींनी पंचशील दिलं, हार घातले गेले, आणि ते मालेगावच्या वाटेला लागले.

परतीला गाडी उन्हातच निघाली आणि अकोल्यापर्यंत कुठं कुरकुरली नाही. पुलाजवळ देवमन उतरायला लागला तेव्हा जानराव म्हणाले, "बस जरा. मी रस पिऊन येतो." आणि चावी गाडीतच ठेवून उतरले. शेटजींनाही त्यांनी चावी कधी हातात दिली नव्हती, जागेवर टांगून दाखवली होती. समोरच्या चरकापाशी उभं राहून त्यांनी रस प्यायला, तोही गाडीकडे तोंड करून. पण मध्ये आले नाहीत. ग्लास संपवून, तोंड पुसून, रमतगमत आले. देवमननं चावीकडे एकदा पाहिलं आणि जानरावांकडे एकदा. मग खाली उतरला.

अमरावतीत बातमी आमच्या आधी पोचली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चिंतामणराव जानरावांच्या ओट्यावर हजर. मलाही हाक आली, साक्षीदार म्हणून. सुभद्राबाईंनी चहा ठेवला.

"ऐकलं, घाटात बसली," चिंतामणराव म्हणाले. "तुमचं काय ठरलं होतं ते वहिनींनी सगळ्यांना सांगितलंय."

"बसली नाई. मी बसवली."

"बसली ती बसलीच ना."

जानरावांनी आपला कप खाली ठेवला. "चिंतामणराव, एक सांगा. घाटात बसणारी गाडी तुमाले काहून पायजे?"

"अहो, माझं काम स्टेशन ते लॉज. मध्ये घाट कुठं येतो?"

"मंग तं कोणतीबी गाडी चालते. हेच काहून?"

चिंतामणराव व्यवहारी गृहस्थ. अशा वेळी व्यवहारी माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. भाव वाढवला.

जानराव सुभद्राबाईंकडे वळले. "पाह्यलं?" एवढंच म्हणाले.

सुभद्राबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी चिंतामणरावांकडे पाहिलं, अंगणात उभ्या असलेल्या आकाशी गाडीकडे पाहिलं, आणि पुन्हा चिंतामणरावांकडे, मान जरा पुढं काढून. मग त्या पुढं आल्या आणि चिंतामणरावांच्या हातातली कपबशी घेऊन आत गेल्या. कपात अजून चहा होता.